हलका हात

अबरारनं रक्त काढलेलं कळतसुद्धा नाही, असं देवळाली कॅम्पातले म्हातारेकोतारे एकमेकांना सांगत. लॅबचा हा माणूस सकाळी स्कूटरवरून घरोघर जाई आणि रक्तासोबत भरपूर कौतुक गोळा करून परते.

त्याची युक्ती साधी होती. तान्ह्या बाळांची बारीक सुई घ्यायची, अलगद टोचायची आणि मग सिरिंजचा दट्ट्या जोरात दाबून त्याच सुईतून रक्त नळीत सोडायचं. एवढ्याशा भोकातून रेटल्यावर रक्तातल्या पेशी फुटत आणि त्यांच्या पोटातलं पोटॅशियम बाहेर सांडे. लॅबमधला दीपक फोन करी, "अबरारभाई, रक्त फुटून आलंय." अबरार म्हणे, "मशीन बघ तुझं." नाचता येईना, अंगण वाकडं! मालकाला रिपोर्ट वेळेवर हवा, म्हणून तो तसाच छापला जाई. कागदावर अर्ध्या कॅम्पाचं पोटॅशियम वाढलेलं! सावळीराम अण्णा तर पोटॅशियमच्या धास्तीनं प्रसादाच्या शिऱ्यातलं केळंही शोधून बाजूला काढत.

मग त्याच्या अम्मीचं, मेहरुन्निसाचं, पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं. कळ आली की ती माउली उशी चावायची, पण लेकाशिवाय कुणाला हात लावू देईना. अबरारनं जीव ओतून, नेहमीपेक्षाही बारीक सुईनं रक्त काढलं. पोटॅशियम इतकं निघालं, की डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं. म्हणाले, अशात भूल दिली तर हृदय बंद पडेल. अबरारनं तिचा खजूर बंद केला, पुन्हा रक्त काढलं. पुन्हा तेच! आता मात्र अम्मी आपल्या हातची जाणार, या भीतीनं तो जेवेनासा झाला.

शेवटी अम्मीचं न ऐकता दवाखान्यातल्या हर्षाली सिस्टरनं जाडसर सुई घेतली.

"या अल्ला! खिळा ठोकते का गं पोरी?" अम्मी ओरडली. पण रक्त आपसूक नळीत उतरलं, आणि पोटॅशियम अगदी ठीक निघालं.

"आधी रक्त कुणी काढलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या अबरारनं," अम्मी अभिमानानं म्हणाली. "कळतबी नाय बघा!"

अबरारला तोंड कुठं लपवावं कळेना. ऑपरेशन सुखरूप झालं, आणि त्यानं बारीक सुया बाळांपुरत्याच ठेवल्या.

पुढं अण्णांचा रिपोर्ट नॉर्मल आला, तेव्हा तो स्वतः केळी घेऊन गेला. "खा अण्णा, आता काही भीती नाही."

अण्णांनी केळं सोललं, एक घास घेतला आणि दंड चोळत म्हणाले, "ते खरं रे बाबा. पण हात लय जड झाला तुझा. पुढच्या टायमाला दुसऱ्या कुणाला धाड."