उन्हात वाळवलेला मुरघास

डिंगोऱ्याला आमच्या गोठ्यात चार गाई. त्यांच्यासाठी मक्याची कुट्टी करून आम्ही प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांत दाबून मुरघास करतो. त्या वर्षी एका पिशवीला उंदरांनी भोक पाडलं आणि आतला चारा बुरशीने हिरवा पडला.

बायको म्हणाली, "अहो, लई वास मारतोय. उकिरड्यावर टाकते."

"उन्हात पसर," मी म्हणालो. "ऊन लागलं की बुरशी मरती."

आमच्याकडे धान्य असो की चारा, इलाज हाच. शिवाय मी एकदा बोललो म्हणजे बोललो. दात कोरून पोट भरत नाही, हे शहाणपण दुसऱ्यांना सांगायला मी पुढे. तिने चारा वाळवला आणि रोज गोठ्यात बसून, हातांनी झाडून, चांगल्या चाऱ्यात मिसळू लागली. हिरवट धुरळा उडायचा. मी तेव्हा दूध घेऊन डेअरीवर गेलेला असायचो. थोड्याच दिवसांत तिला खोकला लागला, संध्याकाळी कणकण यायला लागली. मी मेडिकलमधून एक बाटली आणून दिली आणि विसरून गेलो.

मग आमची सहा महिन्यांची गाभण गाय गाभडली, पोटातलं वासरू पडलं. तासाभरात मी जनावरांचा डॉक्टर गोठ्यात आणून उभा केला. त्याने चारा हुंगला आणि माझ्यावरच डाफरला, "भाऊ, बुरशीचं विष ऊन दाखवून जात न्हाई!" उरलेला चारा मी त्याच दिवशी खड्ड्यात पुरला. गाईच्या बाबतीत मी फार तत्पर.

बायकोचा खोकला मात्र राहिला. लेण्याद्रीच्या पायऱ्या कधी एका दमात चढणारी बाई. त्या माघात ती पंधराव्या पायरीवरच बसली. ओठ निळे पडले होते. तेव्हा कुठे मी घाबरलो.

पुण्याच्या डॉक्टरांनी छातीचे फोटो पाहिले. बुरशीच्या धुरळ्याने फुप्फुसांना वण पडलेत, म्हणाले. आता आहे तेवढं टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही.

"खोकला कधीपासून आहे?" त्यांनी मला विचारलं.

मला सांगता येईना. गाय गाभडली तो वार मला पाठ होता. लाज वाटली.

"वण जुने दिसतायत. इतके दिवस थांबलात कशाला?"

बायको दम घेत घेत म्हणाली, "ह्यांना ठावंच नव्हतं, डॉक्टर. मीच बोलले न्हाई."

तिने मला तीनदा सांगितलं होतं.