पाच वाजताचं रिमूव्हल

एनिस गावात डिम्फना कॉन्सिडाइनला ओळखत नाही असा माणूस शोधून काढायला दिवस घालवावा लागेल. एकतीस वर्षं ती पोस्टाच्या खिडकीत बसली. पाकिटावरचा पत्ता अर्धवट असला की ती पाकीट परत सरकवायची, मग समोर पाद्री असो नाहीतर पोलीस. निवृत्तीनंतर ती नदीकाठच्या नव्या इमारतीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आली आणि तिथे तिला आयुष्यभर पुरेल असा शत्रू मिळाला. गाड्यांच्या चाकाला जॅमर लावणारी कंपनी.

ती कंपनी आणली कुणी, तर तिच्या सख्ख्या भावाने. सेनन राहायचा बॅलीकॉराला, घरच्या शेतावर, गाईगुरांत. पण या इमारतीत त्याचे दोन फ्लॅट होते आणि कमिटीचा अध्यक्षही तोच. बाजाराला येणारे लोक आवारात गाड्या लावून दिवसभर बेपत्ता व्हायचे. त्याला कंटाळून त्याने डब्लिनच्या कंपनीशी करार केला. रहिवाशांनी काचेवर परवाना चिकटवायचा, न चिकटवणाऱ्याला जॅमर.

"माझ्याच दाराशी गाडी लावायला मी चिठ्ठी चिकटवू?" डिम्फना म्हणाली. "काचेवर टॅक्सची एक चकती, विम्याची दुसरी, तपासणीची तिसरी. आता चौथी लावली तर रस्ता काय खिडकीतून डोकं काढून बघू?"

तिने परवाना चिकटवला नाही. पहिल्याच आठवड्यात तिच्या चंदेरी गाडीच्या चाकाला पिवळा जॅमर लागला. दंड भरून ती तशीच तणतणत बॅलीकॉराला गेली. सेनन गोठ्यात होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा, डिम्फना. बहिणीला सोडलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"मग आजपासून मला बहीण म्हणू नकोस," ती म्हणाली. आणि ही बाई बोललं ते पाळणारी. चार वर्षं तिने भावाशी शब्द काढला नाही. एका लग्नात दोघांना एकाच टेबलावर बसवलं होतं, तर ही आपली खुर्ची उचलून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसली.

त्या चार वर्षांत तिने कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्रांवर पत्रं पाठवली. कलमं, तारखा, पाटीवरच्या अक्षरांची उंची, फूटपट्टीने मोजून. आणि नवल म्हणजे तिच्या गाडीला पुन्हा जॅमर लागला नाही. परवाना नाही, काही नाही, तरी नाही. शेजाऱ्यांच्या गाड्या अडकायच्या, हिची दिमाखात उभी असायची. शेजारी तिच्याकडे पत्रं लिहून घ्यायला यायचे. "घाबरतात मला," ती चहा ओतता ओतता म्हणायची, आणि खरंच तिला ते पक्कं वाटत होतं.

नोव्हेंबरात सेनन गेला. तीन आठवडे तो लिमरिकला हॉस्पिटलात होता. तिला कळलं होतं. रोज सकाळी ती कोट घालायची आणि उद्या जाऊ म्हणून काढून ठेवायची. मग एका सकाळी चुलतभावाचा फोन आला आणि तो 'उद्या' कायमचा गेला.

स्थानिक रेडिओवर निधनवार्तेत सगळं रीतसर आलं. सेनन कॉन्सिडाइन, पत्नी कॉन्सेप्टा, बहीण डिम्फना. बुधवारी दुपारी तीन ते पाच राहत्या घरी अंत्यदर्शन, पाच वाजता रिमूव्हल. रिमूव्हल म्हणजे शवपेटीचं झाकण लावून ती चर्चला न्यायची. एकदा झाकण लागलं की लागलं. आपल्याकडे वेळ कुणी पाळत नाही, पण रिमूव्हलला कुणी एक मिनिट उशीर करत नाही.

बहिणीच्या नावाशिवाय वार्ता निघाली असती तर डिम्फना गेली नसती. पण कॉन्सेप्टाने नाव घातलं होतं. गर्दी ओसरल्यावर, शेवटी शेवटी जायचं, त्याचा चेहरा एकदा बघायचा आणि कुणाशी न बोलता मागच्या मागे यायचं, असं तिने ठरवलं. बॅलीकॉरा गाडीने वीस मिनिटं. पावणेचारला ती काळा कोट घालून खाली उतरली.

डाव्या चाकाला जॅमर होता.

तिला आधी कळेचना. मग पित्त खवळलं, पण घड्याळाकडे बघून तिने ते गिळलं आणि काचेवर चिकटवलेल्या नोटिशीवरचा नंबर फिरवला. वाद घालायचा नाही, पैसे भरून मोकळं व्हायचं. हे ठरवायला तिला काय पडलं ते तिलाच ठाऊक.

"नमस्कार, मी अगाता," एका मुलीचा आवाज आला. परदेशी हेल होता. "तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मला वाईट वाटतं."

कंपनीने लिहून दिलेलं ते वाक्य ती मुलगी दिवसातून शंभर जणांना ऐकवत असेल. पण आमच्या क्लेअर परगण्यात हे शब्द एकाच जागी बोलतात: पेटीशेजारी, मेलेल्याच्या माणसाचा हात हातात घेऊन. सेनन गेल्यापासून डिम्फनाला ते कुणी म्हटलेलं नव्हतं.

"देव तुझं भलं करो, पोरी," ती म्हणाली.

"तुमचं रिमूव्हल किती वाजता?"

अगाता जॅमरबद्दल विचारत होती. ऑफिसात जॅमर काढायलाही हाच शब्द होता. डिम्फनाच्या कानाला त्या शब्दाचा दुसरा अर्थच माहीत नव्हता.

"पाचला गं."

"पाच वाजता. नोंद केली. आमचा माणूस अगदी वेळेवर येईल, बाई."

किती गुणाची पोर, असं मनात म्हणत डिम्फनाने कार्डाचा नंबर सांगितला आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिली. चार वाजले. सव्वाचार झाले. आवार रिकामं होतं, सगळे कामावर. वारा नदीवरून थेट कोटात शिरत होता. चार वीस झाले. तिने पुन्हा फोन केला. आधी बराच वेळ वाद्यं वाजली, मग एक पुरुष बोलला.

"बाई, तुमचं रिमूव्हल पाचला आहे. तुम्हीच सांगितलंत, इथे लिहिलंय."

"पाचचं रिमूव्हल माझ्या भावाचं आहे!"

"ठीक आहे. भावाच्या गाडीचा नंबर सांगता का?"

डिम्फनाने फोन बंद केला. आता तिला सगळं उमगलं: जॅमर काढायलाही हे लोक पाचलाच येणार होते. टॅक्सीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, चाळीस मिनिटं तरी लागतील. तिने जॅमरला हात घालून ओढलं, लाथ घातली, पुन्हा ओढलं. बोटाची कातडी सोलली गेली. तिकडे आता रांग आटोपत आली असेल, लोक मागे सरकले असतील, झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं असेल. चार वर्षं ज्याच्याकडे पाठ केली त्याचं तोंड आता बघायला मिळणार नव्हतं, आणि त्याला जबाबदार ती स्वतः होती, तीन आठवडे रोज कोट काढून ठेवणारी. ती मोठ्याने म्हणाली, "थांब रे सेनन, थांब जरा."

चार तेहतीसला पिवळी व्हॅन फाटकातून आत घुसली. आतून फर्गल उतरला. कंपनीचा माणूस, पण मूळचा इथलाच. चार वर्षांत डिम्फनाने त्याला म्हणायचं काही बाकी ठेवलं नव्हतं.

"आलास? ये! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला ये!"

"भांडण नंतर करू, बाई." तो गुडघ्यावर बसून कुलपाशी झटत होता. "रेडिओवर निधनवार्ता लागल्या. सेनन कॉन्सिडाइन, बहीण डिम्फना, रिमूव्हल पाचला. आणि तेवढ्यात ऑफिसचा मेसेज आला, कॉन्सिडाइन, रिमूव्हल पाचला. ऑफिसातल्या पोरांना काय कळणार! मी तशीच गाडी वळवली." त्याने किल्लीवर जोर दिला. "खडे गेलेत आत. फिरत नाही ही. सोडा. व्हॅनमध्ये बसा."

"तुझ्या व्हॅनमध्ये? मी?"

"मग चालत जा."

ती बसली.

फर्गलने व्हॅन पिटाळली. गावाबाहेर पडले न पडले तोच पुढ्यात ट्रॅक्टर आला, मागे गवताचे भारे. रस्ता अरुंद, दोन्हीकडे दगडी बांध. फर्गल हॉर्न वाजवत होता आणि ट्रॅक्टरवाला हात वर करून रामराम करत होता, त्याला वाटलं ओळखीचं कुणी आहे. चार शेहेचाळीस. डिम्फनाला गप्प बसवेना.

"चार वर्षं हिंमत झाली नाही तुमची," ती म्हणाली. "आणि आजचाच दिवस सापडला. माझी पत्रं आठवली नाहीत का?"

"कसली पत्रं?"

"कसली म्हणजे? ज्यांना घाबरून माझ्या गाडीला हात लावत नव्हतात ती!"

ट्रॅक्टर एका फाटकात वळला, तसा फर्गलने वेग धरला आणि रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "बाई, पत्रांनी जॅमर थांबत नाही. परवाना नसलेल्या गाडीला एकच महिना सूट मिळते, ती पण अध्यक्षाच्या शब्दावर. दर एक तारखेला सेनन फोन करायचा. मलाच. तुमचा नंबर सांगायचा आणि म्हणायचा, ही चंदेरी गाडी अजून महिनाभर सोड, फर्गल. चार वर्षांत एक महिना चुकला नाही तो. या एक तारखेला फोन आला नाही. तो आजारी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आज यादी बघितली, तर तुमचा नंबर नव्हता."

डिम्फनाने काचेबाहेर तोंड फिरवलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजाऱ्यांसमोर मिरवलेला एकेक शब्द तिला आठवत होता आणि प्रत्येकाची लाज वाटत होती. पण लाजेच्याही वर एक गोष्ट होती: त्याला महिन्यातून एकदा तरी आपली आठवण येत होती, आणि आपण त्याला ती येऊ नये म्हणून झटत होतो.

"अजून जोरात," ती म्हणाली.

चार अठ्ठावन्नला ते पोचले. दोन्ही बांधांना चिकटून गाड्याच गाड्या उभ्या होत्या आणि सगळं बॅलीकॉरा दाराबाहेर हात बांधून उभं होतं. पिवळी व्हॅन बघितल्यावर गर्दीत कुजबुज उसळली. "आज तरी सोडा रे, निर्लज्जांनो!" कुणीतरी ओरडलं. एक म्हातारा तर शववाहिकेसमोर हात पसरून उभा राहिला. मग व्हॅनमधून डिम्फना उतरली. लोकांनी वाट दिली.

आत दोघांनी झाकण उचलून धरलं होतं. तिला बघून त्यांनी कॉन्सेप्टाकडे बघितलं. कॉन्सेप्टाने मान हलवली तसे ते दोन पावलं मागे सरकले.

सेनन बारीक झाला होता. कुणीतरी त्याचा भांग भलत्याच बाजूला पाडला होता. जपमाळ गुंडाळलेल्या त्याच्या हातांवर डिम्फनाने सोललेला हात ठेवला. मनात घोळवून आणलेलं काहीच तिला आठवलं नाही.

"मूर्खा," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मला सांगायला काय झालं होतं तुला?"

कॉन्सेप्टा येऊन तिच्या शेजारी उभी राहिली.

"सांगितलं असतं," ती हलक्या आवाजात म्हणाली, "तर तू दुसऱ्याच दिवशी गाडी नेऊन रस्त्यावर लावली असतीस."

डिम्फनाने सवयीने वाद घालायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"लावलीच असती," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.