काळी चारातला गण

आमच्या कलापथकाची गाडी म्हणजे दादरच्या एका लाँड्रीची व्हॅन होती. सोमवार ते शनिवार ती साहेबलोकांचे सूट आणि हॉटेलांच्या चादरी पोचवायची आणि रविवारी संयुक्त महाराष्ट्र मागायला निघायची. लाँड्रीचा मालक चळवळीच्या बाजूचा होता, पण भाषणं ऐकायचा त्याला भारी कंटाळा. त्यापेक्षा गाडी दिलेली परवडली, असं तो तोंडावर सांगायचा. आत कपडे टांगायचा एक लोखंडी दांडा होता आणि घाटातल्या वळणांवर आम्ही सगळे त्याला लोंबकळत असू. खळीचा वास अंगाला इतका चिकटायचा की गिरगावात घरी पोचलो की आई विचारायची, "दौऱ्यावरून आलास की इस्त्री करून आलास?" गाडीच्या बाजूला लाँड्रीचे दर रंगवलेले होते. एका गावात एक म्हातारा दोन धोतरं घेऊन आला, मांडी घालून त्याने आमचा सगळा कार्यक्रम ऐकला, आणि शेवटी धोतरं कधी मिळणार ते विचारलंच.

आम्ही पाच जण होतो. व्हॅनचा ड्रायव्हर मालवणचा, तो तुणतुणं वाजवायचा. लालबागचे दोन गिरणी कामगार झील धरायचे, म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या मागून ओळ उचलून 'जी जी' करायचे. मी एका कचेरीत कारकून आणि इथे पेटीवाला. आणि पाचवा तो, नायगावच्या बीडीडी चाळीतला, गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, काम करणारा. आमचा शाहीर तोच आणि पथक खरं म्हणजे त्याचंच. पोवाडे तो रचायचा, डफ तो वाजवायचा आणि आवाज असा की लाऊडस्पीकर बंद पडला तरी कुणाला पत्ता लागत नसे. आमच्यात जातपात नव्हती, असं आम्ही बाकीचे चौघे फार वेळा म्हणत असू. तो कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

कार्यक्रम दुपारी चारला असला तरी आम्ही पहाटेच निघायचो, कारण वाटेत एखादा किल्ला चढायचा ही त्याची अटच होती. मुंबईत जन्म काढलेल्या माणसाला डोंगराचं एवढं वेड कुठून लागलं, देव जाणे. चढताना तो गायचा आणि आम्ही झील धरायची. दम लागला की झील तुटायची आणि तो वरून ओरडायचा, "ए, महाराष्ट्र खाली राहिला रे!" एकदा नदीच्या वाळूत व्हॅनची चाकं रुतली, तेव्हा त्याने डफ काढला, ठेका धरला आणि ठेक्यावर आम्हाला गाडी ढकलायला लावली. गाडी निघाली, पण चिखल सगळा आमच्या तोंडावर. ड्रायव्हर म्हणाला, "आता चला लाँड्रीत, तुमकाच धुवन काढतंय."

थंडीतल्या एका रविवारी आम्ही कर्जतच्या पलीकडे गेलो होतो. किल्ल्याच्या शेवटच्या टप्प्याला खडकात नुसत्या खोबण्या होत्या. मी मधेच अडकलो. खाली बघितलं आणि पायाला पुढची खोबणी सापडेना. तो माझ्या मागे होता. त्याने माझी टाच धरून एकेक खोबणीत ठेवली. "उजवा. आता डावा. घाई नको करू, दरी कुठं पळून नाय जात." वर पोचलो तेव्हा मला स्वतःचा राग आला होता आणि त्याच्याबद्दल फार प्रेम वाटत होतं. बाकीचे तिघे बुरुजाकडे गेले. आम्ही दोघं पाण्याच्या टाक्यापाशी बसलो.

तिथे तो म्हणाला, "ऐक ना. आजपासून गण मी नाय म्हणणार. तू म्हण. बाकी सगळं मी करतो."

गण म्हणजे कार्यक्रमाच्या सुरुवातीचं गणपतीचं नमन. ते झाल्याशिवाय गावाकडची माणसं कार्यक्रम सुरू झाला असं मानतच नसत, बिड्या ओढत गप्पा मारत बसत. आमचा गणही त्यानेच रचलेला होता, पण नागपूरला जाण्याआधी. वर्षापूर्वी तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. त्यानंतरही आमच्याबरोबर तो गण म्हणत राहिला होता, आणि दर वेळी खाली उतरला की बराच वेळ कुणाशी बोलत नसे. ते मी गळ्याच्या थकव्यावर ढकललं होतं.

"आईनं स्वतःच्या हातानं देव्हारा काढला," तो म्हणाला. "आणि मी रविवारी इथं येऊन गण म्हणतो. गणपतीला नाय मानणार म्हणून मी तिकडं शब्द देऊन आलोय रे. किती दिवस असा तोडायचा?" मग म्हणाला, "त्या तिघांना तू सांग. मी सांगितलं तर वाद होईल. तू सांगितलंस तर ऐकतील."

तसं का, ते आम्हा दोघांना माहीत होतं. मी म्हणालो, "सांगतो की. त्यात काय?"

किल्ला उतरताना मी सांगितलं नाही, कारण पायाखाली बघायचं होतं. पायथ्याशी भाकरी सोडली तेव्हा सांगितलं नाही, कारण सगळे हसतखेळत जेवत होते आणि उगाच विषय कशाला काढा, असं मला वाटलं. आमच्या घरातली ही जुनी रीत. वडील म्हणायचे, वेळ आली की बघू, आणि वेळ आली की ते पेपर घेऊन बसायचे. व्हॅनमध्ये सांगितलं नाही, कारण तो समोरच बसला होता आणि आपल्या तोंडावर ही चर्चा झाली तर त्याला अवघड वाटेल, असं मी ठरवून टाकलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्या मानेचा अर्थ त्याने 'सांगितलं' असा घेतला असणार.

आठवड्याचा बाजार होता. एका बैलगाडीवर फळ्या टाकून स्टेज केलं होतं आणि समोर हजारभर माणूस बसलं होतं. ड्रायव्हर नेहमीसारखा पुढे झाला आणि त्याचंच नाव घेऊन म्हणाला की आता आमचे शाहीर गण सादर करतील. शाहिराने वळून माझ्याकडे पाहिलं. मला फक्त तोंड उघडायचं होतं. शब्द मला पाठ होते, चाल माझ्या बोटांत होती.

आणि बोटांनीच घात केला. माझा आवाज खालच्या पट्टीचा, काळी एकचा. मी म्हणणार असेन तर पेटीवर काळी एकलाच सूर धरायला हवा होता. भाता सुटला आणि दोन वर्षांच्या सवयीने मी त्याच्या उंच काळी चारात गणाचे पहिले सूर वाजवले. पेटीवाला सूर देतो तो गाणाऱ्याला. त्या पट्टीत तिथे फक्त एकच माणूस गाऊ शकत होता. झीलकऱ्यांनी घसे साफ केले, तुणतुणं सुरू झालं, बाजार शांत झाला. मी तेव्हाही हात थांबवू शकलो असतो. मी तोच तुकडा पुन्हा वाजवला.

त्याने गण म्हटला. सगळा म्हटला, एक कडवं गाळलं नाही. मग पोवाडा म्हटला आणि लोकांनी तो तीनदा मागून घेतला. परत येताना तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. नायगावला उतरला, सगळ्यांना "येतो" म्हणाला आणि गेला.

पुढच्या रविवारी व्हॅन त्याच्या चाळीखाली उभी राहिली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाजवून अर्धी चाळ जागी केली. तो काही खाली आला नाही. "आजारी बिजारी आसा काय?" ड्रायव्हर म्हणाला. तेव्हा मी सांगितलं, आठ दिवस उशिरा. आता वाद होणार, देवधर्म निघणार, पथक फुटणार, अशी माझी खात्री होती.

ड्रायव्हर माझ्याकडे बघतच राहिला. "पेटीमास्तर, मगे आदी सांगूक काय झाला? गण काय, मी पण म्हणतंय." एक झीलकरी म्हणाला की आपल्या चाळीतल्या भजनात आपण दर गुरुवारी गणपतीचं नमन म्हणतोच. दुसरा तर म्हणाला की शाहिराला गण नकोसा झालाय, असं मला वर्षभर वाटतंच होतं. त्या दुपारी ड्रायव्हरने गण म्हटला. इतका बेसूर गण मी आयुष्यात ऐकला नाही. लोक हात जोडून शांत बसले होते. काही म्हणजे काही बिघडलं नाही, आणि मला इतकी लाज वाटली की पेटीवरून मान वर करवेना.

दोन दिवसांनी, त्याची पहिली पाळी सुटायच्या वेळेला मी नायगावला त्याच्याकडे गेलो. आम्ही गॅलरीत उभे राहिलो. त्याच्या आईने चहा दिला. मी माफी मागितली, तिघं काय म्हणाले ते सांगितलं आणि रविवारी ये म्हणालो. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. रागावला नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तू घाबरलास काय? लोक उठून जातील म्हणून?"

हो म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. पण त्याच्यासमोर खोटं बोलणं मला जमेना. "नाही," मी म्हणालो. "मला वाटलं, वेळ आली की तू म्हणशीलच."

"आणि मी म्हटलाच," तो म्हणाला. "म्हणून आता गाडीत बसत नाय."