तिसरी पुरवणी

शेवटच्या पेपरला मृण्मयी शेजारच्या रांगेत, एक बाक पुढे होती. तिनं तिसरी पुरवणी मागितली, तेव्हा माझी मूळ उत्तरपत्रिकाही भरली नव्हती. भराभर लिहायला हवं होतं, पण मी तिची बोटं बघत बसलो. सगळं पुस्तक पाठ असलेल्या या मुलीला पुरवण्यांच्या दोऱ्याला साधी गाठ मारता येत नव्हती. दोनदा सुटली. वर्षभर तिच्या हुशारीनं मी दबून होतो. जीव जडला तो मात्र या वेंधळ्या बोटांवर.

बाहेर आल्यावर ती रागावली. "दोन प्रश्न सोडलेस? येत होते ना तुला?"

"वेळ पुरला नाही," मी म्हटलं.

तिसऱ्या खेपेला गाठ बसली तेव्हा सुटकेचा निःश्वास मी टाकला होता, हे काही सांगितलं नाही.