हेमंतने सांगितलेले व्हिडिओ

उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरल्यावर पहिले काही आठवडे त्याला वास असा नसतोच. असते ती वाळलेल्या पातीची आणि कोरड्या मातीची मंद ऊब. मग आषाढ-श्रावणातली ओल हवेत मुरते, ढिगाच्या पोटात कुठेतरी एखादा कांदा कुजायला लागतो, आणि त्याचा गोडसर, डोक्यात जाणारा दर्प बांबूंच्या फटीफटींतून बाहेर येऊ लागतो. त्या दर्पात उकिडवं बसून, अंगावर उन्हाचे आडवे पट्टे घेत सडका कांदा वेचून बाजूला काढणं, हे माझं अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीचं काम होतं. आजही कुठे इंग्रजी गाण्यातली गिटार कानावर पडली, की माझ्या नाकात आधी तो वास येतो. लोकांना गाण्यांवरून मुली आठवतात. मला कांदे आठवतात, त्याला मी तरी काय करणार.

आमचं गाव कळवणच्या अलीकडे, गिरणेच्या खोऱ्यातलं. दहावीनंतर मला नाशकाला बोर्डिंगात ठेवलं होतं, तिथेच बारावी झाली, आणि इंजिनिअरिंगला मार्क कमी पडले म्हणून एक वर्ष घेऊन पुन्हा परीक्षेला बसायचं ठरलं होतं. सुट्टीपुरता म्हणून घरी आलो होतो. ट्रंकेतले कपडेही बाहेर काढले नव्हते. त्या जूनमध्ये आबा, म्हणजे माझे वडील, सकाळी शेतात गेले ते बैलगाडीत आडवे घालूनच परत आणावे लागले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मोठी बहीण नांदगावला दिलेली, घरात आई आणि मी. मला कुणी थांब म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं; न म्हणताच सगळ्यांनी ते गृहीत धरलं, आणि एके दिवशी आईने माझे नाशिकचे कपडे ट्रंकेतून काढून आबांच्या कपड्यांशेजारी फळीवर लावले.

आबांच्या डाव्या हाताशी एक काठी ठेवलेली असे. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, की ते काठी खाटेच्या माचव्यावर आपटत. तो आवाज चाळीपर्यंत येई, गोठ्यापर्यंत येई, विहिरीच्या थारोळ्यापर्यंत वारा असला तर येई आणि नसला तर नाही. आई कामावर गेली की या आवाजाच्या टापूबाहेर मला जाता येत नसे. समोर सप्तशृंगीचा डोंगर, त्याच्यामागे एकामागे एक निळसर होत गेलेल्या रांगा, माथ्यावर हे एवढं आभाळ, आणि या साऱ्या विस्तारात माझ्या वाट्याला आलेली जागा एका काठीच्या टकटकीने आखून दिलेली. मला आबांचा राग येई, मग त्या रागाची लाज वाटे, आणि ती लाज जिरवायला मी त्यांचे पाय जरा जास्तच वेळ दाबत बसे.

बाहेरचं म्हणून जे काही माझ्यापर्यंत येई, ते हेमंतकडून येई. हेमंत माझा नाशिकचा कॉलेजमधला मित्र. त्याचे आईवडील दोघेही शाळेत शिक्षक, त्यामुळे दुपारी घर रिकामं आणि केबल आमच्या ताब्यात. अकरावीत आम्हाला एका संगीतवाहिनीवरचा कार्यक्रम सापडला होता. त्यात नाव नसलेल्या, कुठल्याही मोठ्या कंपनीने न उचललेल्या, स्वतःच्याच गॅरेजात किंवा तळघरात वाजवणाऱ्या पोरांची गाणी लागत. गाणारा धड सुरात असेलच असं नाही, शब्द आम्हाला निम्मे कळत, पण त्या आवाजांत काहीतरी असं होतं की ती पोरं आमच्याइतकीच अडकलेली आहेत आणि तिथूनच ओरडताहेत असं वाटे. नवं गाणं सापडलं की दुसऱ्या दिवशी एकमेकांना ते गुणगुणून दाखवायचं, बँडचं नाव वहीच्या मागच्या पानावर लिहायचं, आणि हे अख्ख्या नाशकात आपल्या दोघांनाच माहीत आहे या समजुतीत कॉलेजरोडवरून छाती काढून फिरायचं, असा आमचा थाट होता. मार्क कमी का पडले हे निराळं सांगायला नको. हेमंतलाही कमीच पडले, आणि तोही वर्ष घेऊन पुन्हा बसणार होता. फरक इतकाच की तो खरोखर बसला.

ऑगस्टमध्ये पहिली कॅसेट आली. आमच्याकडचा भाजीपाला घेऊन रोज नाशिकच्या मार्केट यार्डात जाणारा रावसाहेब नावाचा टेम्पोवाला होता. क्लासला जाता जाता हेमंतने ती त्याच्याकडे दिली होती. रावसाहेबाने ती शर्टाच्या आतून काढून माझ्या हातात ठेवली.

"तुमच्या दोस्तानं धाडलंय," तो म्हणाला. "गाणी हायेत का पोथी, काय कळंना. लय जपून न्या म्हणला."

चाळीत बसून ती आमच्या जुन्या टेपला लावली. आधी गाणं, हेमंतच्या पुण्याच्या मावसभावाने कुठूनसं मिळवून भरून दिलेलं. मग जरा खरखर, आणि मग हेमंतचा आवाज, दबका, घाईतला. तुझ्याकडे केबल नाही, तो म्हणत होता, म्हणून याचा व्हिडिओ तुला सांगतो, डोळे मीट. आणि त्याने तो सांगितला. कुठून उजेड येतो, कॅमेरा कुठे सरकतो, ढोल वाजवणाऱ्याच्या शर्टाचं कोणतं बटण तुटलंय, हे सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर गाणं पुन्हा एकदा भरलं होतं, आता बघत ऐक म्हणून.

मी बघत ऐकलं. त्यानंतर वर्षभर महिन्यातून एक-दोनदा कॅसेट येत राहिली आणि मी कांदे निवडत व्हिडिओ बघत राहिलो. एकात पिवळा रेनकोट घातलेली बाई होडीत पियानो घालून एकटीच वल्हवत चालली होती, आणि धुक्यातून एकेक बेट उगवून तिच्यासाठी बाजूला होत होतं. एकात बँड एका इमारतीच्या गच्चीवर वाजवत होता, खाली रस्त्यावरचा एक कारकून ते ऐकून थबकला, त्याने हातातली बॅग फुटपाथवर ठेवली आणि तो शहर संपेपर्यंत चालत गेला. एकात बर्फात उभी असलेली शाळा होती, आणि तास चालू असताना मुलं एकेक करून खिडकीतून बाहेर उतरत होती. मास्तरांना ते दिसत होतं, पण ते फळ्यावर लिहीतच राहिले होते. हा मला फार आवडे. सेल उतरले की गाणं जडावून, रडवेलं होऊन चाले. मग सेल उन्हात वाळत घालायचे आणि ते पुन्हा धरेपर्यंत गाण्याशिवाय नुसताच व्हिडिओ मनात चालवायचा. तोही चाले. काठीचा आवाज आला की उठायचं, आबांना पाणी पाजायचं, आणि परत येऊन त्या बाईला होडीत जिथे सोडलं होतं तिथून पुढे न्यायचं.

त्या दिवसांत मी हेमंतचा जितका ऋणाईत होतो तितकाच त्याचा हेवा करत होतो. हे सगळं तो डोळ्यांनी बघतोय, हा विचार मला छळे. मला वाटे, जगात अशी दारं उघडी आहेत, लोक त्यांतून बाहेर पडताहेत, ते टीव्हीवर दाखवतातसुद्धा, आणि मी इथे सडक्या कांद्याचे हात पुसतोय. पुढच्या उन्हाळ्यात त्याला चांगले मार्क पडले, दूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि कॅसेटी थांबल्या. मला त्याचं वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. तोही त्या कारकुनासारखा बॅग ठेवून निघून गेला असं मी स्वतःला सांगितलं, आणि पुढे त्याच्याबद्दल मी कुणाला काही विचारलं नाही.

मी राहिलो. आबा सहा-सात वर्षं तसेच होते, मग गेले. तोवर माझं लग्न झालं होतं, कांद्याबरोबर डाळिंब आलं होतं, चाळ नवी बांधली होती आणि तिला आता लोखंडी अँगल होते. आता कळवणला, देवळ्याला, हवं तिथे मला जाता येत होतं. काठी आपटणारं कुणी नव्हतं. तरी कुठे गेलो की तासाभराने मन घराकडे ओढ घेई आणि कान उगाच ताणले जात. ही सवय मी कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही.

दोन हजार सात सालची गोष्ट. बहिणीच्या मुलीचा बारावीचा निकाल होता आणि तो इंटरनेटवर लागणार म्हणून तिला घेऊन मी नाशकात एका सायबर कॅफेत बसलो होतो. निकाल उघडेना, सगळा महाराष्ट्र एकाच वेळी तिथे धडकलेला. पोरगी शेजारच्या खुर्चीवर नखं कुरतडत होती. वेळ काढायचा म्हणून मी पुढच्या संगणकावर बसलो, आणि तिथल्या पोराने दाखवलं की आता हवं ते गाणं बघता येतं. कशी कोण जाणे, कॅसेटींवर लिहिलेली ती नावं माझ्या बोटांना अजून पाठ होती. बर्फातल्या शाळेचं गाणं मी शोधलं. ते थांबत थांबत, तुकड्यातुकड्यांनी आलं. एक कोंदट खोली, भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, चार पोरं आणि एकाच जागी ठेवलेला कॅमेरा. शाळा नव्हती, बर्फ नव्हतं. गाणं संपेपर्यंत त्या खोलीतून कुणी बाहेर गेलं नाही.

मी होडीतल्या बाईचं गाणं शोधलं. त्यातही तीच तऱ्हा. एक माणूस खुर्चीत बसून गात होता, संपलं. गच्चीवरच्या गाण्याला तर व्हिडिओच नव्हता. दरम्यान भाचीचा निकाल लागला, ती पास झाली, तिने माझा दंड धरून मला हलवलं, आणि मी हसलोही. पण मला आतून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं होतं. आधी वाटलं, हेमंतने आपल्याला फसवलं. तसाच भाचीला एका मैत्रिणीकडे सोडून मी त्याच्या घरी गेलो.

दार काकूंनी, हेमंतच्या आईने, उघडलं. केस पांढरे झालेले, पण मला त्यांनी नावाने ओळखलं, आत बसवलं आणि पोहे टाकले. हेमंत हैदराबादला असतो, मोठ्या कंपनीत आहे, फोन करतो पण बोलत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी इकडचं तिकडचं बोलून विचारलं, की तो वर्ष घेऊन बसला होता तेव्हा खूप टीव्ही बघायचा ना.

"टीव्ही कुठला रे," काकू म्हणाल्या. "बारावीचं खापर ह्यांनी केबलवर फोडलं. त्याच जूनमध्ये काढून टाकली. क्लास आणि ती मागची खोली, वर्षभर दुसरं काही नाही. बाहेरून कडी घालायचे हे. मला नाही आवडायचं, पण मी काही बोलले नाही." त्यांनी उठून पोहे हलवले. "मोठा चिकाटीचा पोरगा. आतून बोलल्याचा आवाज यायचा, तासन्‌तास. आम्हाला वाटायचं, पाठांतर चाललंय."

मी ती खोली बघायला मागितली. आता तिथे धान्याचे डबे होते. खिडकी एकच, आणि तिच्यातून हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ शेजारच्या इमारतीची भिंत, प्लास्टर न केलेली. मी तिथे उभा राहिलो आणि मला रडू आलं. रडू त्याच्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं ज्याला मी बाहेरचा समजलो तो माझ्याहून आत होता, आणि ती होडी, ते शहराचं टोक, ती बर्फातली मुलं, हे सगळं त्याने या भिंतीकडे बघत मला पाठवलं होतं.

काकूंनी आपण होऊन फोन लावून दिला. पलीकडून ऑफिसातल्यासारखा, तुटक आवाज आला. मी नाव सांगितलं. मग म्हणालो की आज मी ती गाणी पाहिली.

"मग आता तुला माहीत झालं," तो म्हणाला.

"तुझे जास्त चांगले होते," मी म्हणालो.

तो हसला की काय ते नीट कळलं नाही. मग त्याने, अगदी पूर्वी कॉलेजच्या फाटकात विचारायचा तसं, विचारलं की नवीन काय ऐकलंस. मी बारा वर्षांत नवीन काही ऐकलं नव्हतं. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि एक आहे, असं मी म्हणून बसलो. आमच्याकडचाच बँड आहे, डाळिंबाच्या बागेत वाजवतात, कुणाला माहीत नाहीत अजून. काकू पोह्यांची बशी हातात घेऊन माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. सगळं खोटं होतं आणि ते त्यालाही कळत होतं. व्हिडिओ सांग, तो म्हणाला. मी सांगायला लागलो, पहाटेची बाग आहे, फुलं लागलीत, ढोलवाला झाडाखाली बसलाय आणि त्याच्या पाठीवर लाल पाकळ्या पडताहेत. मग एक बाई येते, पाण्याचा पाट फोडायला. एवढं सांगून मी अडखळलो.

"मग?" हेमंतने विचारलं.

त्या खोलीत वर्षभर तो बोलत राहिला, तेव्हा त्याला हे विचारायला पलीकडे कुणी नव्हतं. मी होतो, पण डोंगरांच्या आड, आणि एक-दोन आठवडे उशिरा. आता तो ऐकत होता. ती बाई पुढे काय करते ते मला खरोखरच माहीत नव्हतं. मी डोळे मिटले आणि ती कुठे जाते ते बघू लागलो.