कॉनर पासवरचं 'आधी तुम्ही'

निघायच्या दिवशी सकाळी समीर, म्हणजे माझा नवरा, दारात उभा राहून माझ्या सायकलकडे बघत होता. "वृषाली, अजून वेळ गेलेली नाही," तो म्हणाला. "डोंगर काय, गाडीच्या काचेतूनही छान दिसतो." आमच्या नऊ वर्षांच्या लेकीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते ती पक्क्या डब्लिनी हेलातल्या इंग्रजीत. तिने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "यू'ल बी ग्रँड, मम." ग्रँड (उत्तम, बरं, चालेल, किंवा मरणार तर नाहीस) या शब्दाचा त्यातल्या त्यात बरा अर्थ मी घेतला आणि निघाले.

मी भूलतज्ज्ञ आहे. मिरजेत शिकले, आता डब्लिनच्या ब्युमॉन्ट भागात राहते आणि दिवसभर लोकांना झोपवते. चाळिशीत काय खूळ डोक्यात शिरलं कोण जाणे, घराजवळच्या सायकल क्लबात नाव घातलं. २०११ साली हा क्लब जूनमध्ये आठ जणांची टीम काढणार होता. मालिन हेड या उत्तर टोकापासून मिझन हेड या दक्षिण टोकापर्यंत, अख्खा आयर्लंड सायकलवर. सात नावं ठरलेली. आठवं नाव एप्रिलमध्ये नैर्ऋत्य टोकाच्या केरीच्या डोंगरातल्या ट्रेनिंग कॅम्पात ठरणार होतं, आणि ते मला हवं होतं. साधंसुधं नाही, झोपेत कूस बदलतानाही हवं होतं. इतकी वर्षं या देशात राहून मी हॉस्पिटल, घर आणि सुपरमार्केट यांपलीकडे फारसं काही पाहिलेलं नव्हतं. एकदा तरी हा देश स्वतःच्या पायांनी ओलांडावा असं वाटत होतं. बाजारात तुरी अशी अवस्था असताना मी ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

केरीपर्यंत डोनलच्या गाडीतून गेले. डोनल म्हणजे आमच्याच भागात राहणारे, सत्तरीचे, गणिताचे निवृत्त मास्तर. आठव्या जागेसाठी त्यांचंही नाव होतं. इथे लहानथोर सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण सत्तर वर्षांच्या मास्तरांना नुसतं 'डोनल' म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हणून मी त्यांना कशानेच हाक मारत नसे. काही सांगायचं असलं की त्यांचं लक्ष जाईपर्यंत खोकायचं.

लिमरिकच्या अलीकडे थांबलो तेव्हा मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. मास्तर म्हणाले, "नको, नको, मी न्याहारी करून निघालोय."

"एक तरी घ्या," मी म्हटलं.

"अगं, खरंच नको."

"माझ्यासाठी घ्या."

"बरं, तू म्हणतेसच तर," असं म्हणत त्यांनी चार दशम्या खाल्ल्या. माझा जीव एकदम भांड्यात पडला. हा माणूस तर आपल्यातलाच निघाला.

ट्रली सोडल्यावर उजव्या हाताला समुद्र आला आणि डाव्या हाताला डोंगर. एप्रिल असल्यामुळे गॉर्स (पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं) बांधाबांधावर फुललं होतं. मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या-लाल रंगाचे फराटे होते. आपली मेंढरं ओळखायला लावतात म्हणे, पण सगळ्या रंगपंचमी खेळून आल्यासारख्या दिसत होत्या. पुढे पाट्या फक्त आयरिश भाषेत सुरू झाल्या आणि आम्ही एक वळण चुकलो. एका शेतकऱ्याला रस्ता विचारला. तो आधी हवामानाबद्दल बोलला, मग त्याच्या गुडघ्याबद्दल, मग आमच्या सायकलींबद्दल, आणि शेवटी म्हणाला, "तुम्ही आलाय तो रस्ताच बरोबर आहे, फक्त उलटा."

आमचा मुक्काम ब्रीज नावाच्या बाईंच्या गेस्ट हाउसमध्ये होता. बाई प्रेमळ, पण वाढायला लागल्या की ऐकत नसत. मी शाकाहारी आहे कळल्यावर त्यांनी मला बटाटे वाढले: उकडलेले, भाजलेले आणि कुस्करलेले, एकाच ताटात. "आणखी?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं, पुन्हा नको म्हटलं, आणि तिसऱ्या खेपेला ताट पुढे केलं. त्या खूश, मी खूश. आमचा कोच डीटर मूळचा जर्मन, किलार्नीत राहणारा. त्याला त्यांनी तीनदा आग्रह केला तेव्हा तो म्हणाला, "मी नाही म्हणालो होतो. मला नको आहे." ब्रीजबाई बटाट्यांचं भांडं घेऊन आत गेल्या. मास्तर माझ्या कानात कुजबुजले, "बिचारा. घरी कोणी शिकवलं नसेल."

जेवणानंतर डीटरने नियम सांगितला. आठव्या जागेसाठी तीन नावं आहेत: डोनल, वृषाली आणि फर्गल. शेवटच्या दिवशी कॉनर पास, म्हणजे या भागातला सगळ्यात उंच घाट, चढायचा. तिघांपैकी जो पहिला माथ्यावर पोचेल, तो टीममध्ये. फर्गल दातांचा डॉक्टर होता, अंगाने भरलेला, आणि त्याच्या जर्सीच्या मागच्या तिन्ही खिशांत सॉसेज रोल असत. त्याला स्वतःलाही आपलं नाव यादीत ऐकून नवल वाटलं. मास्तर आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. लढत कोणाची ते दोघांनाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सराव सुरू झाला. गटाने सायकल चालवायची म्हणजे दोन-दोनच्या रांगेत, चाकाला चाक लावून. पुढचा माणूस वारा अंगावर घेतो, मागच्याला कष्ट निम्मे. म्हणून पुढे राहायची पाळी प्रत्येकाने घ्यायची. खड्डा दिसला की पुढच्याने हात करून मागच्यांना दाखवायचा. आदल्या थंडीच्या बर्फाने केरीचे रस्ते असे उखडले होते की मी इमानेइतबारे प्रत्येक खड्डा दाखवू लागले. थोड्या वेळाने मागून कोणीतरी ओरडलं की बाई, रस्ता कुठे आहे तेवढंच दाखव.

माझी जागा मास्तरांच्या मागे होती. ते पुढे, मी मागे. समुद्रावरून वारा असा येत होता की मेंढ्यासुद्धा भिंतीच्या आडोशाला बसलेल्या. मास्तर मधूनमधून मान वळवून बघत. मला वाटलं, काळजीपोटी बघतायत. मी हसून मान डोलवायची. पुढे जायची पाळी आता माझी आहे हे मला कळत होतं हो, पण वडीलधारं माणूस पुढे चाललंय आणि आपण घंटी वाजवून त्याच्या पुढे जायचं, हे कुठल्या तोंडाने? दिवसभर मी त्यांच्या मागे अदबीने राहिले.

संध्याकाळी डीटरने मला बाजूला घेतलं. "हुशार आहेस," तो म्हणाला. "प्रतिस्पर्ध्याला दिवसभर वाऱ्यात दमवलंस आणि स्वतः मागे मजेत बसलीस. सगळा गट तेच बोलतोय."

मी हबकलेच. "अहो, ते वयाने मोठे आहेत. त्यांच्या पुढे कशी जाऊ?"

"मोठे आहेत म्हणून त्यांना वारा खायला लावायचा?" त्याने विचारलं. "उद्या पुढे आली नाहीस तर तुझं नाव काढून टाकतो."

मी धावत मास्तरांकडे गेले. ते बादलीत पाय सोडून बसले होते आणि चेहरा पांढराफटक होता. मी खोकले. "तुम्ही मला पुढे ये म्हणून का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तू दमली असशील," ते म्हणाले. "असं तोंडावर कसं सांगायचं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे कॉनर पासच्या दिवशी, पाऊस नव्हता, पण ढग घाटात बसले होते. डीटर व्हॅन घेऊन आधीच माथ्यावर गेला. आम्ही समुद्राच्या काठाने निघालो आणि चढ लागताच मी पुढे झाले. छातीवर वारा घेतला आणि मनात म्हटलं, आता बसा मास्तर मागे, आरामात. थोड्या वेळाने ते बाजूला आले. "आता मी येतो पुढे."

"नको, नको."

"अगं, माझी पाळी आहे."

"राहू द्या हो."

"माझ्यासाठी," ते म्हणाले. मग मात्र मी मागे झाले. असं आलटून पालटून आम्ही चढत राहिलो. गटातले बाकीचे मागे पडले. रस्ता अरुंद होत एका गाडीपुरता उरला. एका बाजूला डोक्यावर आलेला काळा खडक, दुसऱ्या बाजूला कमरेएवढी दगडी भिंत आणि तिच्यापलीकडे थेट दरीतली तळी. एका वळणावर डोंगरातून धबधबा रस्त्याशी उतरला होता. मांड्या पेटल्या होत्या आणि तोंडाला शेंगदाण्याच्या चटणीची चव येत होती, पण इतकी खूश मी या देशात कधी झाले नव्हते.

शेवटच्या वळणानंतर माथा दिसला. व्हॅन, तिच्याजवळ हाताची घडी घालून उभा डीटर, आणि त्याच्यामागे नुसतं आभाळ. मास्तर आणि मी बरोबरीने होतो. आता खरं तर पेडल मारायचं आणि निघायचं. जागा माझी होती. माझ्या पायांत जोर होता, आणि त्यांच्याही असावा, कारण ते जरा पुढे झाले आणि लगेच थांबल्यासारखे झाले.

"जा तू," ते म्हणाले.

"छे, आधी तुम्ही."

"अगं, अर्धा घाट तू वारा अडवलास. तू जा."

"आणि उरलेला अर्धा तुम्ही. तुम्ही मोठे आहात."

त्यांनी वेग कमी केला, म्हणून मी आणखी कमी केला. मग त्यांनी त्याहून कमी केला. दोघंही मनातल्या मनात तिसऱ्या आग्रहाची वाट बघत होतो, आणि तो झाला की 'बरं, तुम्ही म्हणताच तर' म्हणून सुटायचं, हेही दोघांचं ठरलेलं होतं. पण सायकल ही काही पंगत नव्हे. ती थांबली की पडते. शिवाय आमचे बूट पेडलला अडकवलेले. माझं हँडल डुगडुगलं, मी मास्तरांच्या खांद्याला धरलं, त्यांनी माझ्या हेल्मेटला धरलं, आणि आम्ही दोघं सायकलींसकट हळूच, अगदी एकमेकांना सांभाळत, आडवे झालो.

लागलं काहीच नाही. पण चाकांत चाकं गुंतलेली, बूट निघेनात. तेवढ्यात वळणावरून फर्गल आला. तोंडात सॉसेज रोल. आम्हाला बघून त्याने तो हातात घेतला आणि विचारलं, "काय, बरे आहात ना?"

आणि आम्ही दोघं, मिरजेची आणि डब्लिनचे, रस्त्यावर आडवे पडून, एका सुरात म्हणालो, "ग्रँड."

या देशात माणूस ग्रँड म्हणाला की विषय संपतो. फर्गलने मान हलवली, रोल पुन्हा तोंडात धरला आणि आम्हाला वळसा घालून शांतपणे माथ्यावर गेला.

आम्ही सायकली ढकलत वर पोचलो. डीटरने एवढंच सांगितलं, "फर्गल." मास्तरांनी समजवायचा प्रयत्न केला की ही आधी येणार होती. मी म्हटलं, नाही, हे आधी येणार होते. डीटर म्हणाला, "तो आला." फर्गल बिचारा दोघांची माफी मागत होता आणि आम्ही दोघं त्याला छे छे, अभिनंदन, असं म्हणत होतो. खाली एका बाजूला ब्रँडनचा उपसागर, दुसऱ्या बाजूला डिंगलचं बंदर, मध्ये उन्हाचे पट्टे. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वाऱ्याने आलं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

परतीला लिमरिक मागे पडल्यावर मास्तरांनी रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं, "तुला ती जागा हवी होती ना?"

माझ्या तोंडावर 'छे हो' आलं होतं. ते मी गिळलं. "फार हवी होती. तुम्हाला?"

"मला वाटतं, माझी ती शेवटचीच संधी होती," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पुढच्या वेळी घाटात तू माझ्या पुढे निघून गेलीस तर मला वाईट वाटेल. पण माझ्यासाठी थांबलीस तर मला राग येईल."

"मी नाही थांबणार, डोनल," मी म्हटलं. नावाने हाक मारलेली त्यांच्या लक्षात आली.

मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. आपल्या दोन्ही देशांत मनातली गोष्ट बाहेर पडायला तीन खेपा लागतात. घरात, जेवणाच्या टेबलावर ते गोड वाटतं. घाटात तेवढा वेळ मिळत नाही, आणि सत्तरीनंतर तर नाहीच नाही.

पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा डोनल दुकानाच्या दाराशी जाऊन वळले. "चहा घेशील?"

"हो," मी म्हटलं.

ते तसेच उभे राहिले. पुढे काय म्हणायचं ते त्यांना सुचेना.