विम्याऐवजी दोन जामीन

पत्रेवाले मामू जमिनीवर उभे राहूनही छपरावरून बोलल्यासारखे बोलत. सगळं आयुष्य कारखान्यांच्या छपरांवर गेलेलं. खालच्या माणसाला ऐकू जावा म्हणून लावलेला आवाज खाली उतरल्यावर बंद करायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एकदा माझ्या कानाशी येऊन, तोंडावर हात धरून ते म्हणाले, "साहेब, कुनाला बोलू नका, पोरीचं जमतंय." रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरून दोघांनी लगेच हात वर केले, "मुबारक हो, मामू!" मामूंना नवल वाटलं. "नगरात बातमी लई लवकर पसरती," ते म्हणाले.

मी नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. आमच्या शेडचे फुटके पत्रे बदलायचं आणि गळती काढायचं काम वर्षानुवर्षं मामूंकडे होतं. सोबत दोन माणसं, इस्माईल आणि बबन. बबन नेवाशाचा, गळ्यात माळ असलेला; पण शिडीवर पाय ठेवताना तोही मामूंच्या मागोमाग 'बिस्मिल्ला' म्हणायचा. खाली उतरल्यावर बबन 'माउली' म्हणायचा आणि मामूही म्हणायचे. चढणं आणि उतरणं दोघांनी असं वाटून घेतलं होतं. वर गेल्यावर मात्र फक्त मामूंचा कायदा: पाय बोल्टच्या रांगेवरच, म्हणजे खाली लोखंडी आधार असेल तिथेच पडला पाहिजे, आणि उजेडासाठी बसवलेल्या, धुळीने लोखंडी दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्याजवळ जायचं नाही. "पत्रा फसवत न्हाई," ते ओरडत, "धूळ फसवती!" खाली साहेब लोक दचकून आपापल्या टेबलावरची धूळ बघत.

मग मुख्य कार्यालयाचं फर्मान आलं. बाहेरच्या कुठल्याही ठेकेदाराने विम्याचा पुरावा दाखवल्याशिवाय त्याला गेटच्या आत घ्यायचं नाही. सुतार, रंगारी, टँकरवाला, सगळ्यांना तोच नियम. मामूंचं निम्म्याहून जास्त काम आमच्याकडेच होतं. गेट बंद झालं असतं तर त्यांच्यासोबत इस्माईल आणि बबनही घरी बसले असते. मी त्यांना शक्य तितक्या सोप्या भाषेत समजावलं. "मामू, काम करताना काही झालं तर जबाबदारी कोण घेणार, त्याचा पुरावा आणा."

"एवढंच ना? उद्या आनतो."

दुसऱ्या दिवशी गेटवरच्या जाधवचा फोन आला. "साहेब, मामूंनी विमा आणलाय. दोघं आहेत."

मी खाली गेलो. मामूंचा सगळा व्यवहार पतसंस्थेशी, आणि पतसंस्थेत जबाबदारी कोण घेणार म्हटलं की जामीनदार आणायचे असतात. एक राहुरीचे ऊसवाले तात्या, कडक टोपी, इस्त्रीचा सदरा. दुसरे कापडबाजारातले टेलर रफीकभाई, घाईत गळ्यातला टेप तसाच. दोघांकडे स्वतःचे फोटो आणि घरचं लाईट बिल. जाधवने दोघांच्या छातीला पाहुण्यांचा बिल्लाही लावला होता.

"कुठं सही करायची ते सांगा," तात्या म्हणाले. "उसाची तोड चालू हाय माझी."

"तात्या, समजा मामू वरून पडले..."

"पडतील कशाला?"

"समजा."

"समजा कशाला? चांगला मानूस हाय. तुमी काय त्याच्या पडायची वाट बघताय व्हय?"

रफीकभाई समजूतदार होते. "दवाखान्यात दोन टाइम डबा मी पोचवीन," ते म्हणाले. "लिहून घ्या."

मुख्य कार्यालयाच्या नियमांत डब्याची सोय नव्हती. मी दोघांना चहा पाजला, बिल्ले परत घेतले आणि विमा एजंट शिंदेबाईंना फोन केला.

शिंदेबाई आल्या तेव्हा मामू घुश्शात बसले होते. "मी मेल्यावर पैसे देनार. मग दिले का न्हाई, ते मला कळनार कसं?"

"मामू, हा तुमच्या जिवाचा विमा नाही," बाई म्हणाल्या. "एक तुमच्या कामगारांसाठी. आणि दुसरा, तुमच्या हातून पत्रा सुटून खालच्या कुणाच्या डोक्यात पडला, तर त्याला भरपाई."

"खालच्याचा बी इमा असतो?"

"असतो."

मामूंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "मग काढा," ते म्हणाले. "आधी खालच्याचा काढा."

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात बाईंनी आधार कार्ड मागितलं. इथे एक गोष्ट सांगायला हवी. एस.टी.चं अर्धं तिकीट लवकर लागू व्हावं म्हणून मामूंनी मागे कधीतरी आधारवर आपलं वय चांगलं घसघशीत वाढवून घेतलं होतं. गावातल्या निम्म्या मंडळींनी घेतलं होतं. तुमच्याही ओळखीत असे कुणी असतील, मी नावं विचारत नाही. बाईंनी कार्ड पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. "या वयाच्या माणसाचं नाव उंचीवर चढणाऱ्यांत घालता येणार नाही. तुम्ही चढणार असाल तर पॉलिसीच निघणार नाही."

"अहो, मी साठीचा बी न्हाई!"

"मग जन्माचा दाखला आणा."

मामूंनी घरातल्या सगळ्या ट्रंका पालथ्या घातल्या. खोटं वय सिद्ध करायला त्यांच्याकडे सरकारी कार्ड होतं. खऱ्या वयाला काहीच आधार नव्हता.

दोन दिवसांनी ते माझ्यासमोर बसले. इस्माईल आणि बबन दाराबाहेर. आत काय बोलणं चाललंय ते त्यांना ऐकू येत होतंच, जाधवलाही येत होतं. "साहेब, मी खाली थांबलो तर दोघं वर जातील?"

"जातील."

"आन मी वर गेलो तर?"

"तर कुणीच नाही."

'मी वर चढणार नाही' अशा कागदावर मामूंनी सही केली. नेहमी झोकात करत, त्या दिवशी एकेक अक्षर काढून केली.

कामाच्या दिवशी जाधवने त्यांच्यासाठी सावलीत प्लॅस्टिकची खुर्ची टाकली. मामू बसले नाहीत. मान वर करून रागवत राहिले. बबनचं पाऊल जरा हललं की यांचा पाय खाली जमिनीवर सरकायचा. एकदा कुणी बघत नाही असं वाटून त्यांनी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वरून बबनच ओरडला, "मिस्त्री, आमचं गेट बंद कराल!" मामूंनी पाय खाली घेतला आणि शिडी धरून उभे राहिले, जणू तेवढ्यासाठीच तिथे आले होते.

दुपारी मला म्हणाले, "आत जाऊन बघू का?" शेडच्या आत ते कधी गेलेच नव्हते. शिडी बाहेरून, मागच्या भिंतीला. तिकडूनच वर, तिकडूनच घरी. मी त्यांना आत नेलं. छपराकडे त्यांनी उगीच एकदा पाहिलं. मग मशिनांवर वाकलेल्या माणसांकडे बघत राहिले.

"हे समदे रोज हितंच असत्यात?"

"रोज."

"आन मी इतकी वर्षं यांच्या डोक्यावर चालतोय."

त्यांनी रुमालाने हात पुसले, पहिल्या मशिनपाशी गेले आणि ईदला भेटावं तसे दोन्ही हात पुढे केले. "सलाम. मी छपरावाला." ऑपरेटरने मशिन थांबवलं, ग्रीसचा हात पँटला पुसला आणि हात मिळवला. मग दुसरं मशिन. मग तिसरं. पूर्ण रांग थांबली तसा सुपरवायझर धावत आला. मामूंनी त्याच्याशीही हात मिळवला.

त्यानंतर मामू कारखान्यात आले नाहीत. ठेका त्यांनी बबनच्या नावावर करून दिला. त्या दुपारी उत्पादन का घटलं, याचं कारण मुख्य कार्यालयाने लेखी मागवलं होतं. 'छपराची आतून पाहणी', असं मी कळवलं.